हिरवळ आणि अंगण

गेल्या वैशाखांत आमच्या शिरवण्याच्या घरापुढील हिरवळ मीं खणून काढविली. गोष्ट क्षुल्लक आहे. वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद असा तो गवताचा तुकडा. त्याच्या असण्यानसण्याची नोंद इतिहासानें घ्यावी असें त्यांत कांहींच नाहीं. परंतु इतिहास शिकविण्यांत ज्याच्या आयुष्याचीं तीस वर्षें गेलीं, त्याच्या अंगणांत कुदळीचा पहिला घाव पडण्यापूर्वीं 'हें गवत येथें आलें कोठून?' हा प्रश्न निघावयाचाच. तो निघाला, आणि त्याचा माग काढतां काढतां मी इंग्लंडांतील उमरावांच्या बागांपासून आमच्याच गांवठाणाच्या वेशीपर्यंत येऊन पोहोंचलों. तो प्रवास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

निमित्त घडलें तें असें. एके दिवशीं सकाळीं मी नळी हातांत धरून गवतावर पाणी मारीत होतों. आमच्या घरीं गेलीं वीस वर्षें सुकट-बोंबील घेऊन येणारी गांवठाणांतील एक वृद्ध आगरी बाई फाटकाशीं टोपली उतरवून बसली होती. बराच वेळ ती मुकाट्यानें पाहत राहिली व मग म्हणाली, "मास्तर, एवढ्या पान्यावर दोन गाई जगल्या असत्या." मी हंसून म्हटलें, "आजी, गाई बांधायला इथें जागा कुठें आहे?" त्यावर तीहि हंसली. "जागा होती, मास्तर. आमचीच होती." इतकें बोलून तिनें टोपली पुढें सारली आणि बोंबिलाचा भाव सांगितला. तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, टोमणाहि नव्हता. पण नळी हातांत तशीच राहिली, आणि पुढें कित्येक दिवस तें वाक्य माझ्या मनांतून जाईना.

प्रथम मीं तिच्या पहिल्या वाक्याचा हिशेब केला. आमच्या हवेंत, पाऊस नसतांना, हिरव्या राखलेल्या गवतांतून रोज सुमारें पांच मिलिमीटर उंचीचें पाणी उडून जातें. तीनशें चौरस फूट म्हणजे अदमासें २८ चौरस मीटर. तेव्हां रोजचें पाणी झालें १४० लिटर. शहरांतील पाणीपुरवठ्याची आंखणी करतांना आपल्याकडे दर माणशीं दर दिवशीं १३५ लिटर हें प्रमाण धरण्याचा प्रघात आहे. याचा अर्थ असा झाला कीं, आमच्या घरांत शिरगणतींत न दिसणारें एक माणूस राहत होतें. तें दाराबाहेर पडून असे, काम कांहीं करीत नसे, आणि घरांतल्या धडधाकट माणसाइतकें पाणी रोज पीत असे. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत त्याच्यासाठीं आम्ही तीस हजार लिटरांच्या घरांत पाणी ओतीत होतों.

येथें कोणी म्हणेल कीं, कोंकणपट्टींत राहून दुष्काळाची भाषा कशाला? शिरवण्यास वर्षाकांठीं शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. लंडनला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारें चोवीस इंच पडतो. आक्षेप बरोबर आहे, आणि सगळी मेख त्यांतच आहे. लंडनचे ते चोवीस इंच बारा महिन्यांत वांटून येतात. एकहि महिना कोरडा जात नाहीं, आणि उन्हाची धगहि बेताची. आमचे शंभर इंच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतात व समुद्रास मिळतात. नंतरचे आठ महिने आकाश कोरडें. मराठवाड्यावर अवर्षण मधून मधून येतें. कोंकणावर तें दर वर्षीं दसऱ्याच्या सुमारास येतें आणि मृगापर्यंत राहतें. मात्र दर वर्षीं ठरलेल्या वेळीं येत असल्यामुळें आपण त्यास अवर्षण म्हणत नाहीं, ऋतु म्हणतों. हिरवळ ही त्या चोवीस इंचांच्या रिमझिम देशाची कन्या आहे. तिला येथें आणून नांदवायची, तर आठ महिने तिच्या माहेरचा पाऊस नळीनें पाडावा लागतो.

तिच्या माहेरींहि ती मूळची गरिबाघरची नव्हे. इंग्रजी 'लॉन' हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून आला. रानांतली मोकळी जागा असा त्याचा अर्थ. सतराव्या शतकांत व्हर्सायच्या राजवाड्यापुढें हिरव्या गालिच्यासारखी हिरवळ अंथरली गेली, आणि अठराव्या शतकांत इंग्लंडांतील जमीनदारांनीं ती कल्पना मैलोगणती जमिनीवर पसरली. लान्सलट ब्राऊन (१७१६–१७८३) हा या कामांतला त्या काळचा सर्वांत प्रसिद्ध कारागीर. ज्याच्या त्याच्या जमिनींत कांहीं तरी करून दाखविण्यास वाव आहे, असें तो गिऱ्हाइकांस सांगे. म्हणून लोक त्यास त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून 'केपेबिलिटी' ब्राऊन म्हणत. वाड्याच्या खिडकींतून दृष्टि टाकावी तों क्षितिजापर्यंत गवत दिसावें, मध्यें कुंपण दिसूं नये, नांगर दिसूं नये, राबणारा माणूस दिसूं नये, अशी ती योजना असे. जमीन पोटासाठीं कसावी लागत नाहीं, ती नुसती पाहण्यासाठीं पाडून ठेवतां येते, हें जगास दाखविणें हेंच त्या हिरवळीचें काम होतें. तें गवत विळ्यांनीं कापावयास माणसांची फौज लागे, अथवा मेंढ्या सोडाव्या लागत. म्हणून ती चैन थोड्यांनाच परवडे.

पुढें १८३० सालीं ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड गांवीं एडविन बडिंग नांवाच्या यंत्रज्ञानें गवत कापण्याच्या यंत्राचा हक्क नोंदविला. कापडगिरणींत लोकरीच्या कापडावरील लव छाटण्याचें जें फिरतें पातें असे, त्यावरून त्यास ही युक्ति सुचली. कापडावरची लव आणि जमिनीवरचें गवत या दोहोंस एकच न्याय लागला, आणि उमरावांची चैन मध्यम वर्गाच्या दारापुढें येऊन बसली. आपल्या घरासमोरचा गालिचा हा शब्दशः गिरणीचा वंशज आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

आतां आमच्याकडे पाहूं. इंग्रज येण्यापूर्वीं मराठी मुलखांत बागा नव्हत्या असें नाहीं. पेशव्यांच्या पुण्यांत हिराबाग होती, सारसबाग होती. पण त्या काळच्या बागा पाण्याच्या, सांवलीच्या, फळांच्या आणि पूजेच्या फुलांच्या असत. सारसबागेचेंच उदाहरण घ्या. पर्वतीच्या पायथ्याशीं आज जेथें लोक मुलांबाळांसह हिरवळीवर बसतात, तेथें पेशवाईंत तळें होतें व गणपतीचें देऊळ त्या तळ्यांतील बेटावर होतें. म्हणूनच जुने पुणेंकर त्यास अजून तळ्यांतला गणपति म्हणतात. तळें गेलें, हिरवळ आली. पूर्वजांनीं जेथें पाणी सांठविलें, तेथें आपण पाणी ओतूं लागलों; या एका फेरबदलांत दोन युगांच्या दृष्टींतला भेद सांठलेला आहे.

ही नवी दृष्टि आली ती छावणींतून आणि बंगल्यांतून. पुण्याजवळ गणेशखिंडींत गव्हर्नरसाहेबांचा प्रासाद १८६४ सालीं बांधावयास घेतला व १८७१ च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या भोंवतालची हिरवळ, कलेक्टरच्या बंगल्यापुढची हिरवळ, जिमखान्याची हिरवळ, या सर्वांचा संदेश एकच होता. बाहेर माळ करपलेला असो, आंतील माळी व पखालीवाले भिस्ती यांच्या बळावर साहेबाच्या दारांत मायदेशचा मे महिना फुलत असे. घराची ओढ लागलेल्या माणसाची ती हौस होती, हें मी समजूं शकतों. परदेशांत तुळशीची कुंडी जपणाऱ्या आपल्या मुलीबाळींना तरी दुसरें काय वाटतें? पण सत्तेच्या हातीं हौस आली म्हणजे तिचा शिष्टाचार होतो. लॉर्ड कर्झन यांनीं (व्हाइसरॉय, १८९९–१९०५) ताजमहालाची मोठ्या आस्थेनें डागडुजी केली, आणि त्याच वेळीं तेथील बागेंतील दाट झाडी विरळ करून तिला इंग्रजी धर्तीची हिरवळ चढविली. फळझाडांच्या व फुलांच्या मोंगल बागेचें हें रूपांतर इतकें बेमालूम झालें कीं, ती हिरवळ शाहजहाननेंच लावली असावी असें आज तेथें जाणाऱ्या बहुतेकांस वाटतें.

ही हिरवळ राखली कोणीं, हेंहि पाहिलें पाहिजे. पळवणकर बाळू यांचें नांव मराठी वाचकांस नवें नाहीं. अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मलेला हा तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या क्रिकेट क्लबांत महिना तीन-चार रुपयांवर मैदान झाडण्याचें व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचें काम करी. साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां तो असा तयार झाला कीं, पुढें हिंदूंच्या संघांतून त्यानें युरोपियनांस नामोहरम केलें, आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक गडी बाद केले. परंतु त्याच पुण्यांत त्याच्याच संघांतील लोक त्यास चहा बाहेर, मातीच्या पात्रांतून देत. ज्या गवतावर सर्वांनीं समान खेळावयाचें, तें गवत झाडणाऱ्या हातास बाहेर बसावें लागे. हिरवळीचा इतिहास लिहितांना हा हात वगळला, तर तो इतिहास नव्हे, रोपवाटिकेची जाहिरात होईल.

१९४७ सालीं राज्य गेलें, हिरवळ राहिली. गणेशखिंडीच्या प्रासादांत विद्यापीठ आलें. कलेक्टरच्या बंगल्यांत आपले कलेक्टर राहूं लागले. आणि दारापुढें कापलेलें गवत असणें ही प्रतिष्ठेची खूण म्हणून जशीच्या तशी वारसाहक्कानें आपल्याकडे आली. मी स्वतः इंग्रजी शिक्षणांत वाढलेला मनुष्य आहें. शिरवण्याचें घर घेतलें, तेव्हां पुढील मोकळ्या जागेंत काय करावें याचा विचारहि मला करावा लागला नाहीं. हिरवळ करावयाची, हें जणूं ठरलेलेंच होतें. रोपवाटिकेंत ज्यास कोरियन गवत म्हणतात, त्याच्या लाद्या गाडींतून आल्या आणि सतरंजीसारख्या अंथरल्या गेल्या.

त्या लाद्यांखालीं काय होतें? आजीच्या दुसऱ्या वाक्याचें उत्तर येथें आहे.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर शिरवणें, नेरूळ, सानपाडें, तुर्भें हीं आगरी-कोळ्यांचीं जुनीं गांवें. आगर म्हणजे मिठागर. आगरी हें नांव त्यावरून आलें असें मानतात. भरतीचें खारें पाणी बांध घालून अडवावयाचें, पावसाच्या गोड्या पाण्यानें जमीन धुऊन निघाली म्हणजे तींत भात घ्यावयाचा, आणि उन्हाळ्यांत मिठागरांतून मीठ काढावयाचें, असा या किनाऱ्याचा प्रपंच होता. जी जमीन खारेपणापासून दूर, ती भात कापल्यावर उरल्या ओलीवर वाल देई. नंतर जमीन विसांवा घेई. गवत पावसाळ्यांत आपोआप येई, गुरें तें खात, उरलेलें वाळून जाई, आणि वैशाखांत सर्व रान पिंवळें पडे. त्या पिंवळेपणाची कोणास लाज वाटत नसे. पाऊस आहे तेव्हां हिरवें व्हावें, ऊन आहे तेव्हां पडून राहावें, हा तेथील जमिनीचा आणि माणसांचा करार होता.

१९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं 'मार्ग' नियतकालिकांतून मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं संपादन करण्याचें ठरलें. कल्पना थोर होती. मुंबईचा श्वास मोकळा करावा हा तिचा उद्देश होता, आणि त्या शहरांतच मला डोक्यावर छप्पर मिळालें हें मी विसरत नाहीं. पण किंमत कोणीं दिली हेंहि विसरूं नये. मोबदल्यासाठीं शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण भागांत जासईच्या परिसरांत गोळीबार झाला व पांच जण प्राणांस मुकले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याचें तत्त्व या झगड्यांतून आलें. १ जानेवारी १९९२ रोजीं नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वांत आली. शेतें भूखंड झालीं, भूखंडांवर इमारती चढल्या, आणि जुनीं गांवठाणें त्यांच्या मध्यें बेटांसारखीं उरलीं. ज्या मातींत भात होई, त्या मातीवर आम्ही गवत लावलें. आणि तें गवत असें, कीं ज्यास ढोरानें तोंड लावूं नये म्हणून फाटक ठेवावें.

पाणीहि तसेंच परक्याचें. आमच्या नळास येणारें पाणी रायगड जिल्ह्यांतील खालापूरकडच्या मोरबे धरणाचें. धावरी नदीवरील त्या धरणासाठीं तेथील लोकांचीं घरें व शेतें गेलीं. म्हणजे आमच्या तीनशें चौरस फुटांच्या शोभेखालीं एका गांवची जमीन होती, आणि तिच्यावर दुसऱ्या गांवांच्या जमिनीवर सांठविलेलें पाणी पडत होतें. व्हर्सायच्या राजास याहून अधिक काय लागे?

हिरवळ आणि तहान यांची गांठ महाराष्ट्रांत एकदां न्यायासनासमोरहि पडली. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहर कोरडें पडलें. पाण्याच्या जागीं गर्दी होऊन दंगा होऊं नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याच्या टाक्या जोडलेली आगगाडी पांच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोहोंचली. दुसऱ्याच दिवशीं, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयानें आयपीएल क्रिकेट स्पर्धेचे महिनाअखेरीनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे असा आदेश दिला. मैदानांवर लाखों लिटर पाणी पडतें, हा अर्जदारांचा आक्षेप होता. आपण शुद्ध केलेलें सांडपाणी वापरूं, असें क्रिकेट मंडळाचें म्हणणें होतें. अंतिम सामना मुंबईंत व्हावयाचा, तो बंगळूरला झाला. आमच्या शेजारीं नेरूळच्या मोठ्या क्रीडांगणावर २००८ सालीं याच स्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला होता. त्यामुळें या निकालाची चर्चा आमच्याकडे घरोघर झाली. सामना हलविल्यानें लातूरचा एक तरी हंडा भरला काय, असें तेव्हां पुष्कळांनीं विचारलें, आणि मीहि विचारलें होतें. प्रश्न खोटा नाहीं. शिरवण्याचा नळ बंद केल्यानें लातूरचा नळ सुटत नाहीं. पण कांहीं निर्णयांचें मोल लिटरांत नसतें. एक माणूस हंडा घेऊन रांगेंत उभा असतांना दुसऱ्यानें त्याच्या डोळ्यांदेखत पाणी गवतावर ओतूं नये, ही शेजारधर्माची पायरी आहे. त्या वर्षीं मीं ती न्यायालयास शिकवूं दिली आणि घरीं येऊन पुन्हां नळी धरली, हें मला येथें कबूल केलें पाहिजे.

ही जाण केवळ आपल्याकडेच आली असें नाहीं. इंग्लंडच्या खालोखाल हिरवळीचें वेड अमेरिकेनें घेतलें, आणि तें सोडावयासहि प्रथम तिलाच लागलें. १९८१ सालीं डेन्व्हर शहराच्या पाणीखात्यानें थोड्या पाण्यावर जगणाऱ्या बागेस 'झेरिस्केप' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंतील कोरडेपणाच्या शब्दावरून तें घडविलें. १ एप्रिल २०१५ रोजीं कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन सिएरा पर्वतांत अशा ठिकाणीं उभे राहिले, जेथें त्या दिवसांत माणूसभर बर्फ असावयाचें. पायांखालीं होतें उघडें, वाळकें गवत. तेथूनच त्यांनीं शहरांतील पाणीवापर एक चतुर्थांशानें घटविण्याचा आणि पांच कोटि चौरस फूट हिरवळ काढून तेथें कमी पाण्याच्या बागा करण्याचा हुकूम जाहीर केला. नेव्हाडा राज्यानें २०२१ सालीं कायदाच केला कीं, लास व्हेगस भागांत नुसत्या शोभेच्या, घरगुती नसलेल्या हिरवळीस कोलोरॅडो नदीचें पाणी २०२६ च्या अखेरीनंतर मिळावयाचें नाहीं.

कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्या सुमारास आपल्या दारची हिरवळ काढली. पुढें त्यानें मला एक गंमत लिहून कळविली. गणेशचतुर्थीस दूर्वा हव्या होत्या. त्या त्यास शेजाऱ्याच्या अर्धवट वाळलेल्या हिरवळींत सांपडल्या. तेथें ज्यास बर्म्युडा गवत म्हणतात, ती आपली हरळी, आपली दूर्वाच. बर्म्युडा बेटांशीं तिचें मूळचें कांहीं नातें नाहीं. आशिया-आफ्रिकेच्या उष्ण मुलखांतून ती तिकडे गेली. जी आपल्या शेतकऱ्यास तण म्हणून नकोशी, आणि गणपतीस एकवीस जुड्यांनीं हवीशी, तीच तेथें पैसे देऊन लावतात, हें वाचून मी बराच वेळ हंसलों. मग लक्षांत आलें कीं, हंसण्याचा अधिकार मला नाहीं. दूर्वेच्या देशांत राहून मीं कोरियाचें गवत विकत आणलें होतें. पाणी तोडलें कीं दूर्वा वरून वाळते, पण तिच्या गांठी जमिनींत जिवंत राहतात. पहिल्या सरीबरोबर ती पुन्हां उठते. वाळण्याची लाज न बाळगतां जगावें कसें, हें ती जाणते. आणलेल्या गालिच्यास तें शिकवितां येत नाहीं.

हिरवळ काढण्याचें ठरलें, तेव्हां घरांत वाद झाला. पत्नीचें म्हणणें असें कीं, अनवाणी चालावयास, नातवंडांना लोळावयास गवतासारखें दुसरें कांहीं नाहीं. तें मला पूर्ण मान्य आहे. पण लोळण्याची जागा गांवाच्या सामाईक मैदानांत असावी. तेथें एका हिरवळीवर शंभर मुलें खेळतात, आणि शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर तें गवत वाढवितां येतें. आमच्या तीनशें फुटांवर वर्षांतून चार वेळां दोन मुलें खेळत. शेजाऱ्यांनीं दुसराच सल्ला दिला: "प्रोफेसरसाहेब, सरळ ठोकळे बसवून टाका, पाणी नको, माळी नको." आमच्या वसाहतींत बहुतेकांनीं तेंच केलें आहे. हा उपाय रोगाहून वाईट. सिमेंटच्या ठोकळ्यांखालीं पावसाचा थेंब मुरत नाहीं, उन्हाळ्यांत ते तव्यासारखे तापतात, आणि त्या तापाचें उत्तर म्हणून आंत यंत्राचा गारवा लावावा लागतो. अमेरिकेंतहि पुष्कळांनीं हिरवळ काढून खडी व प्लास्टिकचें गवत अंथरलें. पाण्याची उधळपट्टी थांबवावयाची म्हणजे जमीन मारावयाची नव्हे.

मग काय करावें, याचें उत्तर शोधण्यास मला दूर जावें लागलें नाहीं. माझ्या आजोळच्या घरास हिरवळ नव्हती, अंगण होतें. थोडी सारविलेली जागा, मध्यें तुळशीवृंदावन, कडेला पारिजातक, जास्वंद, अबोली, कोरांटी, न्हाणीच्या पाण्यावर अळू व केळ. प्रत्येक झाडास घरांत काम होतें: पूजेस फूल, खोकल्यास अडुळसा, भाजल्यास कोरफड. कोणत्याहि झाडासाठीं विहिरीवर वेगळी फेरी होत नसे. पश्चिमेनें १९८१ सालीं ज्यास ग्रीक नांव दिलें, त्यास आमच्याकडे अंगण हें नांव पूर्वींपासून होतें.

तसें अंगण मीं पुन्हां मांडलें. खणलेल्या जागेंतून पायवाटेपुरता जांभा बसविला. दोन्ही बाजूंस कण्हेर, अडुळसा, कोरांटी, कोरफड, एक पांढरा चाफा आणि कुंपणावर बोगनवेल लावली. झाडांना आळीं केलीं व त्यांत पालापाचोळा भरला. नव्या रोपांजवळ मातीचीं मडकीं गळ्यापर्यंत पुरलीं. तीं भरून झांकून ठेवलीं कीं पाणी मुळांशीं हळूहळू झिरपतें. स्वदेशीचा हट्ट मीं धरलेला नाहीं. चाफा अमेरिकेंतला, बोगनवेल ब्राझीलची, दारांत आपोआप उगवलेली सदाफुली मादागास्करची. परदेशी असणें हा झाडाचा दोष नव्हे. आलेल्या घरचा ऋतु न मानणें हा दोष आहे. चाफ्यानें आमचा उन्हाळा मानला, पानें टाकून उघडा उभा राहिला, आणि म्हणून तो आमचा झाला.

सर्व यथासांग झालें असेंहि नाहीं. अबोलीचीं दोन रोपें मेलीं. पहिल्या उन्हाळ्यांत रोपांस पाणी द्यावेंच लागलें. मात्र नळीची जागा दिवसाआड दोन बादल्यांनीं घेतली. मे महिन्यांत अंगण ओकें दिसे, आणि येणारा पाहुणा विचारी, "झाडांकडे लक्ष नाहीं वाटतें?" त्या प्रश्नानें प्रथम मी ओशाळलों. मग ध्यानांत आलें कीं, दीडशें वर्षांची संवय आहे ती. बारा महिने हिरवें असणें म्हणजेच निगा राखणें, असें आपण शिकलों आहों. ऋतूस आपल्या दारीं येऊं देणें हीहि एक निगाच आहे, हें शिकावयास वेळ लागेल.

मृगाचा पहिला पाऊस पडला, आणि आठवड्याभरांत पायवाटेच्या जांभ्याच्या फटींतून बारीक हिरवीं पातीं वर आलीं. मीं तीं लावलीं नव्हतीं. कोरियन गवताच्या लाद्यांखालीं, त्या इतक्या वर्षांच्या नळीच्या पाण्याखालीं, जुन्या शेताची हरळी कोठें तरी गांठ धरून राहिली होती. ती आजी टोपली घेऊन आली, तेव्हां मीं तिला तीं पातीं दाखविलीं. तिनें वांकून एक पातें खुडलें, बोटांत फिरविलें, आणि म्हणाली, "ही मरत नाय, मास्तर." भाद्रपदांत दूर्वांसाठीं बाजारांत जावें लागलें नाहीं. गणपतीच्या आदल्या दिवशीं आजीनें आपल्या घरासाठींहि तेथूनच खुडून नेल्या. त्यासाठीं तिनें मला विचारलें नाहीं, आणि तें मला योग्यच वाटलें.